एकतीसनंतर एक

जूनच्या एक तारखेला सकाळी तिसऱ्या मजल्यावर सुचित्राच्या नळाला पाणी आलं, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. कामोठ्यात उन्हाळ्यात नळ वाहताना दिसला की माणसाला बरं वाटतंच, त्यात विचार कोण करतो? तिने बादली लावली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून डोळे मिटले. शाळेची सुट्टी नावालाच होती. मे महिनाभर ती मतदारयाद्यांच्या कामाला दारोदार फिरली होती, आणि घरी यावं तर सोसायटीचं सेक्रेटरीपद वाट बघत बसलेलं. ते तिने मागितलं नव्हतं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या, हिची तेवढी वर राहिली.

एप्रिलपासून टाकी अर्धीच भरत होती. तेवढ्यात सगळ्यांना पुरवायला गेलं की कुणालाच धड मिळेना, आणि जिन्यात भांडणं. शेवटी सुचित्रानेच तोडगा काढला. विषम तारखेला विषम मजल्यांना पाणी, सम तारखेला सम मजल्यांना. दुसरीच्या वर्गाला ती हेच तर शिकवते. दोन-दोनच्या जोड्या लावा. सगळ्यांना जोडी मिळाली तर सम, एक उरला तर विषम. एक विषम, मग एक सम, पुन्हा विषम. कुणावर अन्याय व्हायचा प्रश्नच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा कुणी त्यात डोकं घातलं नाही.

बादली भरली. ती पिंपात ओतायला गेली, तर पिंप काठोकाठ भरलेलं.

कालच भरलं होतं ते. काल एकतीस, आज एक. दोन्ही विषम! एप्रिल तीस दिवसांचा, त्यामुळे तेव्हा सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. आता सम मजले परवानंतर कोरडेच होते, आणि हा घोळ गणिताच्या बाईंनी घातला होता.

ती तशीच बाहेर आली. समोरचा अभिराम गाडी धुवायला दोन भरलेल्या बादल्या घेऊन लिफ्टपाशी उभा होता.

"मॅडम, आपल्याला लॉटरीच लागली ना? मला कालच क्लिक झालेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"जाऊ दे ना. आपल्याला मिळतंय."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला फार वाटलं. पण तिने नुसत्या त्याच्या हातातल्या बादल्या काढून घेतल्या. सम मजल्यांना पाणी सोडायला सांगावं म्हणून खाली फोन लावला, तर वॉचमन म्हणाला, टाकी संपत आली, आता संध्याकाळशिवाय काही नाही. दुसऱ्या मजल्यावर मालतीबाई होत्या. अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणात. त्यांचं सगळं त्यांचा नवरा, दिनानाथकाका, एकटेच करायचे. ती बादल्या घेऊन तशीच खाली उतरली.

काकांनी दार अर्धवटच उघडलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभा जन्म काढलेला धिप्पाड माणूस, पण आज चौकटीला धरून उभा होता. आतून वास आला.

"बाई, तुमी कशाला वर-खाली करताय? आत नका येऊ. कालपासून चादर बदलली नाय."

ती आत गेलीच. मालतीबाईंनी तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मोरीत रिकामी पिंपं आडवी पडली होती, कोपऱ्यात चादरींचा ढीग. सुचित्राने पदर खोचला, कापड भिजवलं आणि मालतीबाईंची पाठ पुसायला घेतली. पाठ लालभडक झाली होती. तिला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की तिला नेहमी रागच यायचा.

"काका, सकाळीच का नाही आलात वर? माझी चूक होती. दारात उभं राहून भांडायचं माझ्याशी!"

दिनानाथ खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भांडायला पन अंगात जोर लागतो, बाई."

सुचित्राने कापड पिळलं आणि मालतीबाईंना कुशीवर वळवायला त्यांच्या खांद्याखाली हात घातला.