फिर्मिनचा कोट

आमची मंडळी हौशी. दिवसा मी हातमोजे शिवायची, आमचा दिग्दर्शक गोंत्राँ विमा कचेरीत कारकुनी करायचा. मोंमार्त्रच्या एका गल्लीतला लाकडी हॉल भाड्याने घेऊन आम्ही प्रयोग करायचो. मोठ्या नाटकघरांतल्या कापडावर रंगवलेल्या खुर्च्यांची गोंत्राँला शिसारी यायची. "मला खोली हवी, खोलीचं चित्र नको," असं तो म्हणायचा.

त्या हिवाळ्यात नाटक होतं एका छप्पर-कामगाराचं. तो दारू पिऊन बायकोला मारतो. बायको मी.

माझ्या भिंतीपलीकडे झेली पेलिसिये ही धोबीण राहायची. तिचा नवरा फिर्मिनही छप्पर-कामगार; तो छपरावरून पडून मेला, त्याला चार महिने झाले होते. ती लहान खोलीत जायला निघाली होती आणि सामान विकत होती. गोंत्राँला तिच्याकडे मीच नेलं. त्याने पलंग घेतला, टेबल घेतलं आणि खुंटीवरचा फिर्मिनचा कोटही मागितला.

झेलीने कोट थोडा वेळ हातात धरून ठेवला. "नाटकातला माणूस चांगला आहे ना?"

"खरा आहे, मादाम," गोंत्राँ म्हणाला.

मी टेबलाचं एक टोक उचललं.

पहिल्या प्रयोगाला अख्खी गल्ली लोटली. तिसऱ्या अंकात तो कोट घातलेल्या नटाने मला पलंगावर ढकललं आणि पट्टा उचलला. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, हा तर फिर्मिनचा कोट." गोंत्राँने शिकवल्याप्रमाणे माझी पाठ प्रेक्षकांकडे होती, म्हणून झेलीचा चेहरा मला दिसला नाही.

प्रयोग संपल्यावर ती आत आली.

"त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, ओर्तांस. तुला तर भिंतीतून सगळं ऐकू यायचं."

"नाटक आहे गं ते."

"तुम्हीच खरं खरं म्हणत होतात ना?" मग ती गोंत्राँकडे वळली. "कोट तेवढा परत द्या. दुसरा आणून देते."

"दुसरा नवा दिसेल, मादाम. सगळंच खोटं वाटेल." तो अगदी नरमाईने बोलत होता.

दुसऱ्या दिवसापासून धोबीघरात बायका तिला जवळ घेऊ लागल्या. "इतकं सोसलंस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस." ती नाही म्हणाली की त्या आणखीच हळहळायच्या. मी तिथे जाऊन खरं काय ते सांगायला हवं होतं. रोज म्हणायची, उद्या जाते. प्रयोगांना हॉल भरत होता. एका वर्तमानपत्राने लिहिलं, त्या बाईची भीती अस्सल आहे. गोंत्राँने ते दोनदा वाचून दाखवलं.

एका सकाळी झेलीची खोली रिकामी दिसली. दारवान बाई म्हणाली, "पत्ता ठेवला नाही. तुझ्यासाठी निरोपही नाही."

वसंतात आम्ही नाटक ब्रुसेल्सला नेलं. तिथे फिर्मिनला ओळखणारं कोणी नव्हतं. माझं काम आणखी चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.