तळणाचा वास आणि अर्धी मिशी

"हरलो तर अर्धी मिशी उतरवीन," वायरमन म्हणाला. "भर चौकात, दिवसाढवळ्या."

"अर्धीच का?" खलाशीकाकांनी विचारलं.

"पूर्ण काढली तर माणूस उलट तरणा दिसतो, काका. त्यात कसली आलीय शिक्षा? अर्धी काढायची आणि उरलेली मिरवत हिंडायचं, ही खरी मजा."

जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी खिदळली. काकांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र मिशीवरून बोट फिरवलं. कबुतरानं पंख पसरावेत तशी ती दोन्ही गालांवर पसरलेली होती.

"ठरलं," ते म्हणाले. "मी हरलो तर माझीही अर्धी."

"साक्षीदार मी," वायरमनची बायको वरच्या पायरीवरून म्हणाली. "आणि पंचही मीच. नवरा आहे म्हणून सोडणार नाही, सांगून ठेवते."

"ते मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे," वायरमन म्हणाला.

पैज होती वासाची. त्या घरात बिऱ्हाडं तीन आणि स्वयंपाकघर एकच, तळमजल्यावर. तिघांच्या तीन शेगड्या भिंतीला लागून मांडलेल्या. खलाशीकाकांचं अख्खं आयुष्य जहाजाच्या भटारखान्यात गेलं होतं. आता ते एकटेच होते. रोज संध्याकाळी लोखंडी तवा तापवून सुके मासे खरपूस तळायचे, एवढाच त्यांचा शौक. माशाचा तुकडा तव्यात पडला, की चर्रर्र आवाज व्हायचा आणि वास निघायचा. त्या वासाला पाय नव्हते, पण जिना मात्र बरोबर चढता यायचा.

स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर शिवणवाल्या ताईंची खोली. ताई एका दुकानासाठी लहान मुलींचे फ्रॉक शिवायच्या. झालरी, फुग्याच्या बाह्या, पाठीमागे मोठ्ठा बो. हात असा साफ, की उलटून बघितलं तरी शिवण कुठली आणि कापड कुठलं ते कळू नये. पण गेल्या खेपेला दुकानवाल्या बाईंनी गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला होता. कुठल्याशा समारंभात एक मुलगी ताईंनी शिवलेला फ्रॉक घालून गेली, आणि सगळा वेळ एक मांजर म्याव म्याव करत तिच्या मागे मागे. मुलगी रडून बेजार, तिची आई लाजेनं बेजार. बाईंनी निक्षून सांगितलं होतं, शनिवारी मी स्वतः येऊन एकेक फ्रॉक हुंगणार. वास आला, तर काम दुसरीकडे. आणि ते काम गेलं असतं, तर ताईंना खोली सोडावी लागली असती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी त्यावर बोलत नव्हतं.

काका स्वतःच म्हणाले होते, "मी तळणंच बंद करतो." आणि असा चेहरा केला, जणू कोणी त्यांचं जहाज बुडवलं.

तो चेहरा वायरमनला बघवेना. "बंद कशाला? मी स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या झडपेत पंखा बसवतो. वास बाहेर, मासे पोटात, फ्रॉक दुकानात. तिघांचंही भलं."

"लेका," काका म्हणाले, "दर्यावर वारा काय कमी असतो? तरी माझ्या तळणाचा वास कप्तानाच्या उशीला यायचा. पंख्याबिंख्याला तो दाद देणार नाही."

"लावता पैज?"

आणि लागली. फ्रॉकला लागणारा वास पंख्यानं गेला तर वायरमन जिंकला, नाही गेला तर काका. पंचबाईंनी तीन वेळा वदवून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी वायरमननं झडपेची काच काढून तिथं पंखा ठोकला. कुठल्याशा बंद पडलेल्या खानावळीतून आणलेलं जुनं धूड. बटण दाबलं, की घरघर अशी, की वरच्या मजल्यावर कपातला चहा थरथरायचा. पण ओढ बघा! काकांनी तवा तापवला, मासे टाकले, आणि धूर आज्ञाधारक पोरासारखा सरळ रेषेत निघाला आणि झडपेतून बाहेर पडला. स्वयंपाकघरात वासाचं नाव नाही.

मग काय, वायरमनचे पाय जमिनीवर ठरेनात. काकांच्या दारावर खडूनं त्यानं एक चेहरा काढला, अर्ध्या मिशीचा. सकाळी त्यांच्या हातात आरसा दिला. "बघून घ्या मन भरून. डावी आवडते की उजवी, तेवढं सांगा, म्हणजे दुसरीला निरोप देता येईल."

"बोल बोल," काका म्हणाले. "शनिवार अजून उजाडायचाय."

त्याच संध्याकाळी वायरमनची बायको ताईंकडून एक तयार फ्रॉक घेऊन खाली आली. तिचा चेहरा काही ठीक नव्हता.

"अहो, हुंगा जरा."

वायरमननं नाक लावलं आणि मान मागे घेतली.

"हा तर पहिल्यापेक्षा वाईट," बायको म्हणाली. "आधी एक मांजर आलं होतं. आता वरात येईल."

"आज शिवलेला?"

"आजच. इस्त्री करून घडी घातलेला."

काकांना हसायचा पूर्ण हक्क होता. पण ते हसले नाहीत. फ्रॉकची झालर त्यांनी बोटांनी सरळ केली आणि फ्रॉक परत दिला. त्या संध्याकाळी त्यांची शेगडी पेटली ती बटाटे उकडायला. मीठ लावून खाल्ले आणि आठच्या आत दिवा मालवून पडले. वायरमननं पंख्याकडे बघितलं. मग बटण दोनदा दाबून बघितलं.

शुक्रवारी ताईंनी शेवटचे फ्रॉक पुरे केले. आदल्या संध्याकाळी तळण नाही, धूर नाही, काही नाही. तरी फ्रॉकला वास तसाच.

आता मात्र वायरमनचं डोकं फिरलं. दिवा लागत नसला, की तो वीज कुठपर्यंत येते आणि कुठे हरवते ते एकेक जोड तपासत जायचा. तसाच तो ताईंच्या खोलीत शिरला.

"दादा, आज काय काढलंत?" ताईंनी विचारलं. त्याच्या खोड्यांची त्यांना सवय होती.

"तू तुझं काम कर. मी नुसता हुंगतो."

त्यानं कापडाचा तागा हुंगला. काही नाही. दोऱ्याची रिळं हुंगली, मशीनचं तेल हुंगलं, बटणांचा डबा हुंगला आणि एक बटण नाकाला चिकटवून घेतलं. ताई हसायला लागल्या. शिवून झालेला पण इस्त्री व्हायचा राहिलेला एक फ्रॉक टेबलावर पडला होता. तोही हुंगला. कोऱ्या कापडाचा छान वास. बस्स.

"कर बरं याला इस्त्री."

ताईंनी फ्रॉक पसरला, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि वरून तापलेली इस्त्री दाबली. फस्सकन वाफ उठली. आणि त्या वाफेबरोबर अख्खा मासळीबाजार वायरमनच्या नाकात शिरला.

ताईंना पत्ताच नव्हता. वर्षानुवर्षं त्या घरात राहून त्यांचं नाक त्या वासाला इतकं सरावलं होतं, की वास म्हणजे काय हेच ते विसरलं होतं.

"हे फडकं वाळवतेस कुठे गं?" त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं.

"खालीच की. स्वयंपाकघरातल्या दोरीवर. रोज संध्याकाळी धुते आणि टाकते. शेगडीच्या उबेनं चटकन वाळतं. का हो?"

"काही नाही, सहज."

दोरी त्याला पाठ होती. काकांच्या शेगडीच्या डोक्यावरून निघून ती थेट झडपेपर्यंत जायची. म्हणजे एका टोकाला तवा, दुसऱ्या टोकाला पंखा, आणि मधोमध ताईंचं फडकं. पंखा सगळा धूर ओढत होता खरा, पण फडक्यातून गाळून, चहा गाळतात तसा. काल तळण झालं नाही, पण फडक्यात आधीचं मुरलेलं होतंच. शिवाय पंखा नव्हता तेव्हा धूर निदान चहूकडे वाटला तरी जायचा.

वायरमनला आधी घाम फुटला, मग हसू. कारण त्यातून सुटायची वाटही लगेच दिसली. फडकं गुपचूप पळवायचं, नवीन आणून द्यायचं. पंख्याच्या वाऱ्यानं दोरी हलते असं सांगून ती काढून गच्चीवर बांधायची. बाई उद्या येतील, फ्रॉक हुंगतील, खूश होतील. श्रेय पंख्याला. मिशी शाबूत. आणि खलाशीकाका चौकात खुर्चीवर! उभ्या आयुष्यात इतकी झकास खोडी त्याला सुचली नव्हती.

"ताई, हे फडकं फार जुनं झालंय. दे इकडे, नवीन आणतो." आणि ते खिशात कोंबून तो शीळ घालत खाली उतरला.

स्वयंपाकघरात काका तवा घासत होते. घासून, पुसून, कोरडा करून त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि सुतळीनं बांधायला घेतला.

"हे काय, काका?"

"भंगारवाला येईल. देऊन टाकतो."

"अहो, उद्या बघा, पंखा काम करेल. जरा वेळ लागतो मोटर बसायला."

"नको रे, लेका. मोटर बसो की उठो. माझ्या जिभेच्या चोचल्यापायी त्या पोरीचं काम जायला नको." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "दर्यावर कुणी घरी नसतंच. तिथं तळणाचा वास आला, की पोरं म्हणायची, आलो घरी. म्हणून तळायचो. बाकी काही नाही."

वायरमनची शीळ तोंडातल्या तोंडात विरली.

तेवढ्यात ताई जिन्यावरून उतरल्या. दोन्ही हातांत मोठा गठ्ठा, हनुवटीनं दाबून धरलेला. "दादा, हा इथे दाराशी ठेवते. सगळे इस्त्री करून झाले. उद्या बाई आल्या, की काय व्हायचं ते होऊ दे."

सगळे इस्त्री करून झाले. त्याच फडक्यानं. नुसतं फडकं बदलून काही होणार नव्हतं. गठ्ठ्यातल्या एकूण एक फ्रॉकमध्ये ते मुरलं होतं. सगळे आताच्या आता धुवून, वाळवून, पुन्हा इस्त्री करायला हवे होते. आणि ताईंना तयार फ्रॉक पाण्यात घालायला सांगायचं, तर का ते सांगावंच लागणार.

त्यानं एकदा आपल्या मिशीला हात लावला. डावीकडून, मग उजवीकडून. मग खिशातून फडकं काढलं.

"ताई, गठ्ठा सोड. काका, तवा सोडा. आणि अगं ए," त्यानं बायकोला हाक मारली, "तूही ये. एकदाच सांगणार आहे. पुन्हा सांगायला लावाल तर नाकबूल करीन."

त्यानं सगळं सांगितलं. दोरी, पंखा, फडकं. काकांनी फडकं हातात घेतलं, हुंगलं, आणि आपला मासा लगेच ओळखला.

"म्हणजे पंख्यानं वास घालवला नाही?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"उलट फडक्यात भरला?"

"पंचांनी इतक्या बारकाईनं विचारायलाच हवं का?"

ताईंनी गठ्ठ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं, पण वायरमनची बायको तोवर दोन फ्रॉक घेऊन बादलीपाशी पोचलीसुद्धा होती. मग रडायला सवडच मिळाली नाही. दुपारभर घरानं फ्रॉक धुतले. स्वयंपाकघरातली दोरी कायमची गच्चीवर गेली, तिथं आणखीही दोऱ्या बांधल्या. काका एकेक झालर हातानं सरळ करत उभे राहिले. वायरमननं आपला नवा, कधी न वापरलेला रुमाल इस्त्रीच्या फडक्यासाठी दिला. ताईंनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पुन्हा इस्त्री केली. त्यातले दोन फ्रॉक जरा आटले, तर त्यांनी शिवण उसवून परत घातली.

शनिवारी दुकानवाल्या बाई आल्या. चष्मा काढून ठेवला आणि पहिल्या फ्रॉकमध्ये तोंडच खुपसलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. जिन्यावर सगळे माना उंचावून बघत होते. शेवटचा फ्रॉक हुंगून बाईंनी चष्मा लावला.

"पुढच्या आठवड्यात याच्या दुप्पट लागतील," त्या म्हणाल्या. "जमेल का?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत घरानंच एका सुरात सांगितलं, जमेल.

बाई गेल्यावर वायरमननं एक शेवटचा प्रयत्न केला. "तसं बघितलं, तर वास गेला ना?"

"पैज पंख्यानं वास जाण्याची होती," पंचबाई म्हणाल्या. "धुण्यानं नाही. चला."

"मी माफ केलं," काका म्हणाले. "राहू दे रे. म्हातारा माणूस मी, मला काय करायचीय तुझी मिशी?"

"काका, हरलोय तर सुखानं हरू द्या. आता माफी दिलीत, तर सगळा जन्म लोक म्हणतील, हा पळाला."

रविवारी सकाळी चौकातल्या सलूनवाल्यानं खुर्ची बाहेर काढली. बातमी कोणी पसरवली हे वायरमनला विचारू नका. त्यानं स्वतःच पसरवली होती. भाजीवाले आले, दूधवाला सायकल टेकवून थांबला, खिडक्यांतून डोकी निघाली. काका आरसा धरून समोर उभे, कारण तो मान जिंकणाऱ्याचा.

"कुठली?" सलूनवाल्यानं वस्तरा परजत विचारलं.

"काकांना विचार."

काकांनी मान कलती करून नीट बघितलं. "उजवी. डावी जरा बरी उगवलीय."

"ऐकलंत?" वायरमन गर्दीला म्हणाला. "इतकी वर्षं पोसली, आणि कौतुक आज झालं!"

साबणाचा फेस लागला. वस्तरा एकदा खाली आला, दुसऱ्यांदा खाली आला, आणि गर्दीनं एकच आरोळी ठोकली. ताई तोंडावर पदर धरून हसत होत्या, इतक्या की त्यांना वायरमनच्या बायकोनं सावरून धरलं.

वायरमन खुर्चीतून उठला. आधी डावा गाल भाजीवाल्यांकडे केला, वाकून नमस्कार केला. मग उजवा गाल दूधवाल्याकडे केला आणि पुन्हा वाकला.

"इकडच्यांनी मला दादा म्हणायचं," तो म्हणाला, "आणि तिकडच्यांनी बाळ."

"बाळ, चल घरी," काका म्हणाले. "मासे तळतो."