टाळ्या: मास्तरांची बहीण

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याचं फारसं कौतुक राहत नाही. ताईला तर नव्हतंच. एकवीस वर्षं ती एका दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसून मेणात दात बसवत होती आणि बसवता बसवता गात होती. मेणाची कवळी आधी पेशंटच्या तोंडात घालून बघतात. चावा जमतो का, ओठ नीट मिटतात का, ते पाहतात. मग ती प्लास्टरच्या साच्यात बंद करून उकळत्या पाण्यात सोडतात. मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी पक्का माल भरतात. ताईने हे हजारो वेळा केलं होतं. त्या मेणाचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

तिचा धाकटा भाऊ जॅझ शिकलेला. शिकलेला म्हणजे कसा, तर वाढदिवसाचं साधं गाणं वाजव म्हटलं तरी त्यात इतकी वळणं घालायचा की मेणबत्त्या कधी विझवायच्या हेच घरच्यांना कळू नये. वीस वर्षं तो तीस-तीस माणसांपुढे पियानो वाजवत आला. त्यातली दहा डोळे मिटून डोलायची, दहा खरोखरच झोपलेली असायची आणि उरलेले दहा त्याचे विद्यार्थी असायचे. सगळे त्याला मास्तर म्हणत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मास्तरांना हुक्की आली की एक सोल आणि फंकची रेकॉर्ड काढायची, लोकांना खुर्चीतून उठवून नाचवायचं. डोक्याचं पुष्कळ झालं, म्हणे, आता कमरेचं.

पण फंक म्हणजे समेवर ठाम पडायचं, मग पुन्हा तसंच पडायचं आणि कंटाळायचं नाही. धाकट्याला तेवढंच जमत नसे. चौथ्या फेरीला त्याचा उजवा हात शेण खायला निघालाच म्हणून समजा. बास वाजवणारा जाड्या वैतागून म्हणायचा, "मास्तर, तो हात खिशात घाला, नाहीतर मी त्याच्यावर बसतो." दुसरी पंचाईत अशी की चार लोकांना गुणगुणता येईल अशी चाल त्याला सुचत नसे. त्या चाली तो ताईकडून उचलायचा. ताई भांडी विसळताना गुणगुणली की हा दाराशी कागद घेऊन उभा. ताईला त्याचं काही वाटत नसे. धाकट्याच्या बुटाच्या नाड्यासुद्धा तिनेच बांधल्या होत्या.

तिसरं गाणं मात्र वेगळं होतं.

त्यांची आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती. धाकटा तेव्हा दौऱ्यावर. तो दौऱ्यावर नसला तरी दौऱ्यावरच असायचा. आईचं एकच मागणं असे, खोलीचं दार उघडं ठेव. बाहेर ताईची ये-जा दिसली की तिला बरं वाटायचं. एका दुपारी ताईने ते दार लोटलं. तासभर झोप हवी होती, बाकी काही नाही. ती उठली तेव्हा आई गेलेली होती, दाराकडे तोंड करून. ही गोष्ट ताईने एकट्या धाकट्याला सांगितली, अंत्यविधी उरकून जिना चढताना. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून त्या खोलीच्या दाराला वीट लावलेली होती आणि दार कधीही लागलेलं नव्हतं.

अकरा वर्षांनी धाकट्याने तिच्यापुढे कागद ठेवला. चाल तिचीच, शब्द त्याचे. 'दार लोटू नको, मी अजून जागी आहे.'

ताईने कागद दोनदा वाचला. "हे तू गाण्यात घातलंस?"

"तुझंच आहे ताई. म्हणून तर तूच गायचंस. बाकीची गाणी कोण गाईल ते बघू. तिसरं तुझं. शब्द देतो."

या एका शब्दावर ताईने राग गिळला. तिला ते गाणं हवं होतं. त्रेपन्न वर्षांत तिचा आवाज भांड्यांच्या आणि कवळ्यांच्या पलीकडे कुठे पोचला नव्हता. कधीही न भेटलेल्या माणसाने तो एकदा ऐकावा, एवढं तिला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं, आणि हे धाकट्याला नीट माहीत होतं.

स्टुडिओत रीत अशी की वादकांना अंदाज यावा म्हणून आधी कुणीतरी गाणं कच्चं गाऊन ठेवतं. नऊच्या नऊ गाणी ताईनेच कच्ची गायली. वर कोरसला टाळ्याही वाजवल्या, कारण ड्रमवाल्याच्या टाळ्या म्हणे पापड मोडल्यासारख्या येत होत्या. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात 'दार' हा शब्द समेवर पडायचा होता. ताईचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. सम निघून गेली. मग आवाज आला आणि मधोमध फुटला.

गाणं संपलं तेव्हा जाड्या तिच्याकडे बघत होता. ताई नाक पुसत म्हणाली, "चुकलं माझं. पुन्हा घेऊ."

"नको," काचेमागून धाकटा म्हणाला. मान खाली घालून तो काहीतरी लिहीत होता.

जॅझवाल्यांची शिकायची एक पद्धत असते. थोर वादकाची रेकॉर्ड लावायची आणि सुई शंभरदा मागे नेत त्याचा एकेक स्वर, एकेक श्वास, एकेक चूक कागदावर उतरवायची. मग ते सगळं आपल्या हातात मुरेपर्यंत वाजवायचं. याला ते चोरी म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात. धाकट्याने आयुष्यभर मेलेल्या माणसांचा असा अभ्यास केला होता. जिवंत माणसाचा तो पहिल्यांदाच करत होता.

पुढच्या मंगळवारी गायिका आली. तिशीतली, गोड गळ्याची आणि वागायलाही चांगली. सगळा घोटाळा त्यातच होता. वाईट असती तर ताईला तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता.

"ताई, ही गाणार. सगळी गाणी."

"तिसरं?"

"सगळी म्हटलं ना." धाकट्याने आवाज मऊ केला. विद्यार्थ्याला नापास करताना तो असाच मऊ व्हायचा. "हे बघ, तुझा आवाज खरा आहे. पण रेकॉर्डवर खरा आवाज म्हातारा वाटतो. आणि ती दुसऱ्या कडव्यातली जागा तूच शिकव हिला. दुसऱ्या कुणाला जमणार ते?"

ताई उठून का गेली नाही? सवय, हे एक. दुसरं कारण तिने स्वतःपाशीसुद्धा हळूच कबूल केलं. ही जागा हिला येणार नाही. अशा जागा शिकवून येत नाहीत. हिला जमलं नाही की झक मारत गाणं माझ्याकडे येईल.

म्हणून ती इमानदारीने शिकवत राहिली. गायिकेच्या हातात धाकट्याचा कागद होता. त्यावर ताईचा एकेक श्वास टिंब काढून दाखवलेला, 'दार' या शब्दावर बाण आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलेलं: 'पाव मात्रा उशिरा. इथे आवाज फुटतो.' गायिका गायली. उशिरा आली, पण गाडी उशिरा यावी तशी नुसतीच उशिरा. पुन्हा गायली. नऊ वेळा झालं. दर खेपेला ताई "छान, पण पुन्हा एकदा" म्हणायची आणि मनातून फुलत जायची. धाकटा काचेमागे नखं खात होता.

गायिकेने कागद खाली ठेवला. "ताई, इथे तुमच्या मनात काय होतं हो?"

"काही नाही गं. चुकलं होतं."

काचेमागे बटण दाबल्याचा आवाज झाला आणि धाकट्याचा शांत आवाज सगळ्यांच्या कानातल्या हेडफोनमध्ये आला. "तिने आईच्या तोंडावर दार लावलं होतं. उघडेपर्यंत आई गेली होती. ते मनात आण."

ड्रमवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या. जाड्या म्हणाला, "मास्तर, अहो..." गायिका ताईकडे बघत राहिली, तिचे डोळे भरून आले. तशाच भरल्या डोळ्यांनी ती दहाव्यांदा गायली. सम गेली, मग आवाज आला, मग फुटला. बिनचूक.

धाकटा धावत बाहेर आला आणि त्याने मिठी मारली. गायिकेला.

रेकॉर्ड चांगली चालली. लोक पहिल्या दोन गाण्यांना नाचायचे आणि तिसऱ्याला रडायचे. धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदा समेवर टाळी देणारे लोक भेटले. ताईने रेकॉर्डिस्टला गाठून विचारलं, "माझं कच्चं कुठे आहे? मला घरी ऐकायला हवंय."

"ते पुसलं ताई. पक्कं आलं की कच्चं पुसून टाकतो आम्ही. उगाच जागा अडते."

ताईने मान हलवली. हे तिला समजावून सांगायची गरजच नव्हती.

धाकट्याने रेकॉर्डचं वेष्टन तिला स्वतः आणून दाखवलं. मागच्या बाजूला, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. टाळ्या: मास्तरांची बहीण. "बघ," तो म्हणाला, "आहेस की नाही रेकॉर्डवर? शब्द पाळला." त्याला हे मनापासून वाटत होतं. कपटी असता तर निदान ओशाळला तरी असता.

मोठ्या कार्यक्रमाच्या चार दिवस आधी गायिकेचा घसा बसला. धाकट्याचा फोन आला. "ताई, फक्त तालमीपुरती ये. वादकांना कुणीतरी हवं." ताईने डॉक्टरांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली आणि ठेवणीतले कपडे घातले. बसलेला घसा कधीकधी आठ-आठ दिवस उघडत नाही, हे तिला माहीत होतं. त्या आशेची तिला लाज वाटली, आणि तरी ती गेली.

तिसरं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याशी आल्यावर आई तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सम गेली, आवाज आला, फुटला, आणि मग ताईला ओळ पुरी करता आली नाही.

धाकट्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "ताई, जास्त उशीर करतेस तू. पाव मात्रेच्या जागी अर्धी. आणि रडतेस. ती रडत नाही, म्हणून लोक रडतात." त्याने तोच कागद तिच्यापुढे धरला आणि हेडफोन दिले. "तिचं ऐक एकदा. मग घेऊ."

ताईने हेडफोन लावले. कागदावर बोट ठेवून तिने ती जागा पाच वेळा ऐकली. मग उभी राहून गायली. पाव मात्रा उशिरा, आवाज फुटला, ओळ पुरी झाली, डोळे कोरडे.

"आता आलं!" धाकटा ओरडला.

जाड्या आपल्या बुटांकडे बघत राहिला. शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत गायिकेचा घसा खडखडीत बरा झाला.

सोमवारी ताई नेहमीसारखी स्टुलावर बसून मेणात दात बसवत होती, बसवता बसवता गात होती. डॉक्टर पडदा सारून डोकावले. "वा ताई! अगदी रेकॉर्डमधल्या त्या बाई! डोळे मिटले तर फरक कळणार नाही."

दुपारी ती घरी आली आणि आईच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. आई कशी हाक मारायची ते आठवायला लागली. 'दार लोटू नको.' आवाज गायिकेचा होता. ताईने आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, तिच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि पुन्हा आठवलं. ओठ आईचे हलले, आवाज गायिकेचा आला, पाव मात्रा उशिरा, मधोमध फुटलेला. तिसऱ्यांदाही तोच आला.

मग ती उठली, पायाने वीट बाजूला सारली आणि बाहेर येऊन तिने दार लोटलं.