गुब्बतला गेलेली मशक

मित्रांनो, मी एक मशक. शेळीच्या कातड्याची, पाणी भरायची. आता म्हातारी झाले आहे. अफार लोकांच्या मुलखात, काळ्या दगडांच्या माळावर माझा जन्म झाला.

मला मदिनाने घडवले. तिची एक दुभती शेळी कड्यावरून पडून मेली. मदिना तिच्यासाठी रडली, आणि मग तिने पोट न चिरता मानेकडून हळुवार कातडे सोडवले. राख लावून केस काढले, बाभळीच्या सालीत आठवडाभर भिजवून ते कमावले. पायांच्या जागा वादीने आवळून बांधल्या. मान तेच माझे तोंड झाले. पहिल्यांदा मला भरले तेव्हा तिने अल्लाचे नाव घेतले आणि पहिली ओंजळ पाखरांसाठी दगडाच्या खळग्यात ओतली. पुढे रोज पहाटे तिचा हाच नेम. पाणी कमी असले की ओंजळ लहान व्हायची, पण चुकायची नाही.

तीन काठ्यांच्या तिवईला मी टांगलेली असे. वारा लागला की पोटातले पाणी गार व्हायचे. वाटसरू म्हणायचे, "मदिनाच्या मशकीचं पाणी गोड लागतं." ते ऐकून मी आणखी फुगायची.

आमच्याकडे वाटेत दोन माणसे भेटली की तशीच पुढे जात नाहीत. उकिडवी बसतात आणि एकमेकांना खबर देतात: चारा कुठे आहे, आजारी कोण, कोणत्या विहिरीला पाणी. या बसण्याला दागू म्हणतात. डोळ्यांनी पाहिले ते वेगळे सांगायचे, कानांनी ऐकले ते वेगळे. कारण ऐकणारा त्या शब्दावर लेकरेबाळे घेऊन निघतो.

त्या वर्षी दोन्ही हंगामांचे पाऊस चुकले. मदिनाचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर दूर गेला होता. तळावर ती, तिचे म्हातारे सासरे हुमेद आणि अकरा शेळ्या. जवळच्या विहिरीत नुसता चिखल. म्हणून धाकटा दीर यायो याला गुब्बतकडे पाणी आहे का ते पाहून यायला पाठवले होते.

गुब्बत म्हणजे डोंगरांनी वेढलेला आमचा आडबाजूचा उपसागर. त्या डोंगरांच्या पोटात अजून आग आहे. काठावर भेगांतून वाफ निघते. तिच्यावर दगडांचा लहानसा घुमट रचला की वाफ आत गार होते आणि थेंब थेंब खाली पडते. समोर एवढा समुद्र, पण पिण्याजोगे पाणी तेवढेच.

यायो आला, बसला.

"सांग, डोळ्यांनी काय पाहिलंस?" हुमेदने विचारले.

"गुब्बतचे घुमट पाहिले, आबा. पाणी ठिबकतंय."

"पाहिलंस? का पाहिल्यासारखं वाटलं? तुला त्या पाण्यातल्या जिनांची भीती. लहानपणी त्या वाटेला तोंडसुद्धा करायचा नाहीस."

"पाहिलं म्हणतो ना!"

मदिना हसली. "मामंजी, भाऊजींना मिशी फुटलीय आता. जिनच घाबरतील त्यांना."

आतल्या मुलखात एक खात्रीची विहीर होती, पण ती दोन दिवसांची चाल. गुब्बत एका दिवसावर. हुमेदचे दुखरे गुडघे पाहून मदिनाने सगळ्यांना आणि शेळ्यांना घेऊन गुब्बतची वाट धरली. मी तिच्या पाठीवर होते.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरताना आम्ही खाली पोचलो. गर्द निळे पाणी, त्यात काळी बेटे, आणि काठाला झाड म्हणून नाही. घुमट उभे होते. मदिनाने आत हात घातला. हाताला धूळ लागली. दगड थंडगार होते. मधे कधीतरी जमीन हादरली असेल आणि भेगा मिटल्या असतील.

"यायो, हे तू पाहिलं होतंस?" हुमेदचा आवाज चढला नाही.

यायो मटकन खाली बसला. "वरच्या कड्यापर्यंत आलो होतो, आबा. खाली पाणी घुमत होतं. उतरायचा धीर झाला नाही. तिथं एक कोळी भेटला, तो म्हणाला पाणी आहे."

"मग 'ऐकलं' म्हणायचंस. तेवढ्यानं मिशी गळून पडली नसती."

"लाज वाटली." एवढे बोलून तो थबकला. त्याच्या तोंडचे पाणीच पळाले. "वहिनी, येताना आसियाकाकूंच्या तळावरही हेच सांगून आलोय. नऊ माणसं. दोन पोरं अंगावर पिणारी. आज निघाली असतील."

हुमेद नमाजाला वळला. हातपाय धुवायला पाणी नव्हते, म्हणून त्याने धुळीवर तळवे टेकले. थांबला. पुन्हा टेकले.

"सूनबाई, इथला दगड ओला आहे."

बोटभर भेग होती. तिच्यातून दोऱ्याएवढी वाफ येत होती. नमाज झाल्यावर तिघांनी जुने दगड उचलून तिच्यावर नवा घुमट रचला. एक थेंब पडला. दोन आकडे मोजावेत तेव्हा दुसरा. दोन माणसे जेमतेम तगतील एवढेच पाणी. अकरा शेळ्या नाहीत, आणि नऊ माणसे तर नाहीतच.

मी अर्धी उरले होते. मदिनाने मला पाठीवरून सोडले, क्षणभर छातीशी धरले आणि यायोच्या खांद्यावर ठेवले.

"काकूंना गाठा, भाऊजी."

"आणि तुम्ही?"

"आम्हाला हे थेंब आहेत. निघा. इथं बसून रडलात तर ती माणसं वाटेतल्या काळ्या दगडांत शिरतील, मग मागे फिरण्याइतकं पाणी त्यांच्याकडे उरायचं नाही."

तो धावत सुटला. पहाटे त्या काळ्या दगडांच्या तोंडाशीच ती माणसे समोर आली. आसियाकाकू रीतीप्रमाणे बसली आणि म्हणाली, "सांग."

"घुमट थंड आहेत, काकू. हे डोळ्यांनी पाहिलं. परवा पाहिलं म्हणालो, ते खोटं होतं. वहिनी आणि आबा तिथंच थांबलेत."

एक माणूस काठी घेऊन उठला. काकूने हात वर केला. "बस खाली. त्याला बडवून पाणी निघणार आहे का?" मग यायोकडे वळून म्हणाली, "ओठ बघ तुझे. खांद्यावर मशक, आणि एक घोट नाही घेतलास?"

"पोरांचं आहे ते."

"मूर्खा, तू मेलास तर मदिनापर्यंत वाट कोण दाखवणार? पी!"

मुले प्यायली, मग तोही प्यायला. सगळे खात्रीच्या विहिरीकडे वळले. तिथून काकूंच्या उंटावर पाणी लादून यायो गुब्बतला पोचला तो पाचव्या दिवशी. मदिना आणि हुमेद जिवंत होते. आठ शेळ्या नव्हत्या. हुमेद त्यावर यायोला कधी एका शब्दाने बोलला नाही. मात्र संध्याकाळी शेळ्या परतल्या की तो त्या आठही नावांनी हाका मारायचा, आणि यायो मान खाली घालून ऐकायचा.

पुढे पिवळे प्लास्टिकचे डबे आले आणि मी कोपऱ्यात पडले. मशक कोरडी राहिली की तडकते. मलाही दोन चिरा गेल्या. तेव्हा यायोनेच मला उचलून नेले. आता तो आजोबा झाला आहे. तो मला चरबी चोळतो, दर दोन दिवसांनी ओंजळभर पाणी घालतो. नातवंडे विचारतात, "ही गळकी कशाला जपता?" मग तो सुनांच्या देखत सगळे सांगतो, स्वतःचे खोटेसुद्धा.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना अशीच थोडी ओल देत जा. आणि कुणी वाट विचारली आणि ती तुम्हाला ठाऊक नसेल, तर 'मी पाहिलेली नाही' म्हणायला लाजू नका. विचारणाऱ्याच्या पाठीवर किती पाणी उरले आहे, ते तुम्हाला दिसत नसते.