खड्ड्यात पुरलेला बापदेव

या रे बाळांनो, जवळ सरका, पेणच्या खाडीकाठची एक गोष्ट ऐका.

मिठागरात राबणाऱ्या कृष्णाबाईचा टेकाडात जुन्या काळच्या वस्तू शोधायला आलेल्या खणणाऱ्या माणसांवर काडीचा भरवसा नव्हता. टेकाडावर दोऱ्या ताणायच्या, ब्रशने माती झाडायची आणि फुटकी खापरं जपून पिशवीत भरायची.

"खापरांसाठी कोन उन्हात मरतो गो?" ती शेजारच्या रंभेला म्हणाली. "उद्या आपला बापदेव पन नेतील."

मंडळी जेवायला गेली, तशी तिने बांधावरचा बापदेव, म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, उचलला आणि त्यांनीच खणून सोडलेल्या खड्ड्यात पुरला. खणलेली जागा परत कोण खणतंय?

दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं तोच खड्डा बघायला आली. खणकामाच्या वसुधाताईंनी विचारलं, "मातीत काय दिसतं?"

कृष्णाबाईची लेक सरू म्हणाली, "इथली येगळी हाय, भुसभुशीत. कोनीतरी आताच उकरलीय."

"शाब्बास. जुन्या काळी काय झालं, ते आम्ही मातीवरून असंच ओळखतो. आता ब्रशने माती झाड बघू."

सरूने ब्रश फिरवला नि शेंदूर दिसला. काठावर उभी असलेली कृष्णाबाई घाईने खड्ड्यात उतरली.

वसुधाताईंनी चपला काढल्या. "हा आमच्या पिशवीत जायचा नाही. बाई, तुम्हीच उचला आणि होता तिथंच बसवा."

कृष्णाबाईने देव छातीशी धरला. तरी जाताना त्यांच्या पिशव्यांत एकदा डोकावलीच.

त्या धोंड्याला पहिला शेंदूर कुणी लावला, ते कुणालाच ठाऊक नाही. बापदेवाला हात जोडाल, तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.