राणीमाशीचं माहेर

राधिका माझ्या मधपेटीतल्या वीस माश्या बाटलीत घालून घेऊन गेली, त्याला तीन आठवडे झाले होते. ती इथे रायपूरच्या विद्यापीठात संशोधन करते. मैदानातल्या सातेरी माश्या डोंगरातल्या सातेरींपासून पिढ्यान्‌पिढ्या किती वेगळ्या होत गेल्या, हा तिचा विषय. जाताना तिने एक फॉर्म भरायला दिला. ‘मूळ ठिकाण’ या रकान्यात मी ‘रायपूर’ लिहिलं.

ते खोटं होतं. नवं राज्य झाल्यावर मुलांसाठी मूळ निवासाचे इतके कागद भरले, की तो रकाना दिसला की हात आपोआप रायपूर लिहितो. विदर्भातून आलेल्या आम्हा सगळ्यांचीच ती सवय. पण माश्यांकडे कोणी दाखला मागितला नव्हता. त्या चिखलदऱ्याच्या, डोंगरातल्या. रेल्वेने बदली केली तेव्हा पेटी ओल्या चादरीत गुंडाळून, बर्थखाली ठेवून मी बडनेऱ्याहून आणली होती.

चूक त्याच संध्याकाळी लक्षात आली, पण फोन करवेना. माझ्या एका शब्दाने तिचं वर्षभराचं काम चुकणार होतं. खरं सांगितलं तर ती पुन्हा येणार नाही, अशीही भीती होती. माझ्याशी माश्यांबद्दल बोलायला दुसरं कोण येतं? दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागला की दिसायचं: डोंगरातल्या काळसर माश्या तेलीबांध्याच्या तळ्यावरून चालल्या आहेत, आणि पाण्यातली त्यांची प्रतिबिंबं मात्र मैदानातल्या माश्यांसारखी पिवळी आहेत.

शनिवारी राधिका आणखी माश्या न्यायला आली. मी गच्चीवर उगाच पेटीचं झाकण पुसत राहिलो. वनमालेला, माझ्या बायकोला, सगळं ठाऊक होतं.

“सांगून टाका न,” ती म्हणाली. “काहून भिऊन राहिले? पोट्टी खाते का तुम्हाले?”

मग मी म्हणालो, “या माश्या इथल्या नाहीत. चिखलदऱ्याच्या आहेत. मी चुकीचं लिहिलं.”

राधिका रागावली नाही. तिने वही उघडून पानं चाळली. त्या वीस माश्या यादीतून काढून सगळा हिशेब पुन्हा मांडायला दोन महिने जातील, असं तिने सांगितलं. मला मान वर करवेना. मग तिने विचारलं, मी मधे कधी बाहेरून राणी आणली होती का. नाही म्हणालो. म्हातारी राणी थकली की माश्या नवी घडवतात. ती नवी एका दुपारी नरांना भेटायला उडून जाते आणि परत येते.

“कहाँ जाती है, देखा कभी?”

“नाही. वर जाते आणि दिसेनाशी होते.”

“फिर बाप तो यहीं के हुए न, काका. हर बार दस-बारह.”

पेटीत तेव्हा नवी राणी होती, अजून एकदाही बाहेर न उडालेली. राधिका म्हणाली, थांबून बघू. वनमालाही चहा घेऊन आमच्याजवळ बसली. उन्हं जराशी कलल्यावर राणी दारात आली, पेटीकडे तोंड करून तिने हवेत दोन घिरट्या घातल्या, आणि ती ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या छपरांवरून निघून गेली. कधी कधी पक्षी खातात, राधिका हळूच म्हणाली.

चहा कोणीच प्यायलं नाही. मी डोळे मिटले. वर, नजरेपलीकडे, कुठल्या कुठल्या भिंतींतले, झाडांच्या ढोलींतले नर जमले असतील, आणि आलेल्या राणीला तिथे कोणी मूळ ठिकाण विचारत नसेल.