निवटीची उडी

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला मासा. बोटभर अंग, डोळे पार टाळक्यावर, आणि मासा असून पाण्याबाहेर हिंडायची हौस. सत्यवतीने उभ्या जन्मात किती निवट्या धरल्या, त्याची गणती नाही. गास गावाच्या मागे ओहोटी लागली की ती टोपली घेऊन गुडघाभर चिखलात उतरायची. बिळाला तोंडं दोन. एकावर पाय रोवायचा, दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आत काही वळवळलं की मूठ मिटायची. पण त्या वळवळणाऱ्या जिवालाही काही हवंसं वाटत असेल, हे सत्तरी उलटली तरी तिच्या ध्यानीमनी आलं नव्हतं.

ते आलं नातीच्या डोक्यात. रीमा चंदनसारला बिल्डिंगीत वाढलेली, हलती चित्रं काढायला शिकलेली. आठ महिने ती एकटीच चार मिनिटांच्या एका पिक्चरवर बसली होती. ओहोटीला खाडीचं पाणी जातं तरी कुठे, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून एक निवटी तिवराच्या झाडाच्या शेंड्यावर चढायला निघते, एवढीच त्याची गोष्ट. मुलांच्या एका महोत्सवाला तो रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा होता आणि शेवटची उडी काही केल्या साधत नव्हती. म्हणून त्याच दिवशी सकाळी ती बापाला घेऊन गासला आजीकडे आली.

"निवटीचं कालवण करतात, पिक्चर नाय," ओटीवर टेकता टेकता तिचा बाप कल्पेश म्हणाला. "काय गं आई?"

"तू गप रे. ल्हानपनी काटासुद्धा ठेवत नव्हतास ताटात."

रीमाने आजीच्या मांडीवर टॅब ठेवला. "आजी, बघ आणि खरं सांग. गोड बोलू नको."

काचेवर चिखल उजाडला. ओला, चकचकीत, खेकड्यांच्या पावलांनी खरवडलेला. सत्यवतीचे पाय आपोआप आखडले. बिळातून दोन डोळे वर आले, पटकन आत गेले, पुन्हा वर आले.

"अगो, डोले ओले करते ती!" सत्यवती पुटपुटली. "हे तुला कोनी सांगितलं?"

निवटी चालू लागली. तिवराच्या खोडावरून दोनदा घसरली, तिसऱ्यांदा चिकटली. शेवटी एका फांदीच्या टोकाशी आली. शेंड्याची फांदी वीतभर दूर होती आणि खाली बगळा मान वर करून उभा होता. निवटीने उडी मारली आणि पलीकडे पोचली.

सत्यवतीने नकारार्थी मान हलवली.

"बोल ना, आजी."

"सगली खरी हाय. उडी खोटी. तू बेडूक उडवलास, पोरी."

रीमाचा चेहरा उतरला. "शंभर व्हिडिओ स्लो करून बघितले मी. शेपूट बाजूला वाकवते आणि झटकन सोडते. तसंच तर काढलंय."

"बघितलीस. धरलीस का कधी? आन हात इकडे."

तिने नातीचं मनगट मुठीत घेतलं. "आता तू निवटी. सुट."

रीमाने हिसडा दिला. मूठ तसूभर हलली नाही. दुसरा हिसडा दिला, तर मूठ आणखी आवळली.

"आये, तिचा चित्रं काढायचा हात आहे तो!" कल्पेश ओरडला.

"मोडत नाय मी. बघितलंस, पोरी? खेचलंस की हात दाबतो. निवटी खेचत नाय. ती मरते."

"मरते?"

"मेल्यासारखी व्हते. अंग सोडून देते. हाताला वाटतं, हरली बिचारी. आनि मूठ जरा ढिली पडते ना, तवा शेपूट वाकवते. माज्या हातची सगल्यात मोठी निवटी अशीच गेली. सासू आठ दिवस हसत होती मला."

रीमाचं मनगट अजून मुठीतच होतं. मग तिने खांदा पाडला, हात सैल सोडला. तो मुठीत ओल्या फडक्यासारखा लोंबला. सगळं ठाऊक असूनही सत्यवतीची बोटं उकलली, आणि हात गेला निसटून.

"हट मेली!" सत्यवती हसत सुटली.

पण रीमा हसली नाही. ती टॅब उचलून आत गेली आणि पलंगावर मांडी घालून चित्रं काढू लागली.

दुपारी जेवण झाकून सत्यवती तिच्या शेजारी जाऊन बसली. एक चित्र झालं की रीमा दुसरं काढी, पहिल्यापेक्षा केसभर निराळं. निवटीची पाठ केसभर खाली. मग आणखी केसभर. डोळे अर्धे आत. मग पुरते आत. मग पुन्हा तेच चित्र. तेच. तेच.

"हे आता का काढतेस? ती तर काहीच करत नाय."

"काहीच न करणंसुद्धा काढावं लागतं, आजी. नाहीतर ती थांबलीय असं वाटत नाही, पिक्चर बंद पडलाय असं वाटतं."

सत्यवतीला आपली मूठ आठवली. चिखलात उभं राहून तिने जे बोटांनी ओळखलं होतं, ते या पोरीने डोळ्यांदेखत उभं केलं होतं. एकेक श्वास निराळा काढून, दाणा दाणा वेचावा तसा.

साडेचारला रीमाने पिक्चर पहिल्यापासून लावला. कल्पेश दारात उभ्या उभ्याच बघू लागला. निवटी फांदीच्या टोकाशी आली. खाली बगळा. तिने पलीकडे बघितलं आणि तिचं अंग गळालं. पाठ पडली, डोळे मिटले. बगळ्याने मान सैल केली.

"गेली," कल्पेशच्या तोंडून निघालं.

शेपूट वाकलं.

उडी डोळ्यांना दिसलीच नाही, सत्यवतीच्या अंगातून गेली. आणि मग शेंड्यावरून तिवरं दिसली, मिठागरं दिसली, खाडीच्या नागमोडी वाटा एकमेकींत मिसळत दूर जाताना दिसल्या, आणि त्यांच्या टोकाला, संपतच नाही असं पाणी. बोटभर जीव ते टक लावून बघत होता. सत्यवतीने त्या वाटा जन्मभर पायांनी तुडवल्या होत्या. वरून त्या अशा दिसत असतील, हे तिला आजच कळलं.

"परत लाव," कल्पेश म्हणाला.

"बाबा, पाठवायचंय. नेट इथे किती स्लो आहे, माहितीय ना?"

"पाठव गं. दीड तास आहे अजून. आधी परत लाव." तो आत आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. "आणि तो सुरुवातीचा चिखल पण दाखव. सगळं दाखव."